काट्यापासून चुकाऱ्यापर्यंत

कापसाची गाडी खरेदी केंद्रावर उभी राहिली की ग्रेडर तिच्याजवळ येतो. वरचा थर बाजूला सारून तो आत कोपरापर्यंत हात घालतो आणि मूठभर कापूस बाहेर काढतो. त्यातली एक सरकी घेऊन तिच्याभोवतीचे तंतू बोटांनी विंचरतो, चिमटीत धरून ओढतो आणि उजेडात लांबी बघतो. पिवळेपणा किती, कवडी किती, पाल्याचे तुकडे किती, हेही त्याच नजरेत उरकतं. मग आर्द्रतामापक कापसात खुपसला जातो. सगळं मिळून मिनिटभराचं काम. जूनमध्ये सरकी टोबल्यापासून शेतकऱ्याने जे सोसलं, त्याचं मोल त्या मिनिटात ठरतं. तो बाजूलाच उभा असतो. बोलत काही नाही, पण त्याची नजर ग्रेडरच्या चिमटीवरून हलत नाही.

पुलगावला हे दृश्य नवं नाही. वर्धा जिल्ह्याच्या देवळी तालुक्यातलं हे गाव वर्धा नदीच्या काठावर आहे. नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो. रेल्वेच्या पुलावरून गावाला हे नाव पडलं असं सांगतात. पुलगावात बाजार समिती आहे, आजूबाजूच्या खेड्यांत सेवा सहकारी सोसायट्या आहेत, आणि शिवारात पऱ्हाटी, तूर, सोयाबीन. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था कशाने चालतात, कशाने बसतात आणि सभासद कशाने समाधानी असतो, या प्रश्नावर जगभर अभ्यास झाले, समित्या बसल्या. नेतृत्व, भांडवल, शिक्षण, राजकारण अशी कारणंही पुष्कळ सांगितली गेली. ती सगळी खरी आहेत. पण कापसाच्या मुलखात राहून मला असं ठामपणे वाटतं की ही सगळी कारणं शेवटी तीनच ठिकाणी येऊन भेटतात: काटा, प्रत आणि चुकारा. माप खरं झालं का, माल कोणत्या प्रतीत धरला, आणि पैसे हातात कधी आले. या तिन्हींत सभासदाला फसवल्यासारखं वाटलं नाही, तर तो संस्थेच्या बाकीच्या दहा चुका पोटात घालतो.

सहकाराचा उगम पाहिला की हे आणखी पटतं. २१ डिसेंबर १८४४ ची संध्याकाळ. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातल्या रॉचडेल या गिरण्यांच्या गावात २८ जणांनी टोड लेन नावाच्या गल्लीत एक दुकान उघडलं. त्यांत विणकर होते, इतर कारागीरही होते. प्रत्येकी १ पौंड याप्रमाणे २८ पौंड भांडवल त्यांनी पै-पै करून जमवलं होतं. दुकानात होतं थोडं पीठ, लोणी, साखर आणि ओटचं पीठ. मात्र त्यांचं वचन मोठं होतं: माल भेसळीचा नसेल आणि माप पुरं असेल. नफा उरला तर तो ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत दिला जाईल. मत मात्र प्रत्येकाला एकच, मग भाग कितीही असोत. आज जगभरातल्या सहकारी संस्था आपलं मूळ ज्या दुकानाशी नेऊन जोडतात, त्याच्या वचनात तराजू आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

त्या लँकेशायरचं आणि वऱ्हाड-वर्ध्याचं नातंही कापसाच्याच धाग्याचं. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची चाकं थांबू लागली. तेव्हा इंग्रजांची नजर या काळ्या कसदार जमिनीवर खिळली. १८६२ मध्ये वर्धा हा वेगळा जिल्हा झाला, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, आणि याच मार्गावर पुलगाव वसलं. एकोणिसावं शतक सरता सरता इथे कापडगिरणी उभी राहिली. पुढे पुलगाव ते आर्वी ही ३५ किलोमीटरची अरुंद रुळांची आगगाडीही आली. यवतमाळ-मूर्तिजापूरच्या ‘शकुंतले’ची ही सख्खी बहीण. गाठी वाहून नेण्यासाठी इतकी तजवीज झाली. ज्याने कापूस पिकवला, त्याला माप खरं मिळावं याची तजवीज मात्र रेल्वेच्या कितीतरी मागून आली. नदीपलीकडच्या वऱ्हाडात १८९७ साली कापूस आणि धान्याच्या बाजारासाठी कायदा झाला. देशातला तो अशा प्रकारचा पहिला कायदा. म्हणजे काट्याचा प्रश्न या भूमीने सव्वाशे वर्षांपूर्वीच ओळखला होता.

आता या विषयातल्या सर्वांत मोठ्या प्रयोगाकडे येतो. तो आपल्याच राज्यात झाला आणि वर्धा जिल्ह्याने तो अंगावर घेतला. १९७१ मध्ये महाराष्ट्राने कच्च्या कापसाच्या खरेदीचा कायदा केला आणि १९७२-७३ च्या हंगामापासून कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. राज्यातल्या शेतकऱ्याचा सगळा कापूस एकाच खरेदीदाराने घ्यायचा, व्यापाऱ्याने मधे यायचं नाही. खरेदीचं काम आधी राज्य सहकारी पणन महासंघाकडे होतं, १९८४ पासून ते कापूस उत्पादकांच्या स्वतंत्र महासंघाकडे आलं. कल्पना भव्य होती, आणि हेतूबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही. शेतकऱ्याने केंद्रावर माल घालायचा, हमीची किंमत घ्यायची. महासंघाने रेचा करून रुई आणि सरकी वेगळी काढायची, १७० किलोच्या गाठी बांधून विकायच्या. हंगाम संपल्यावर नफा निघाला तर त्याचा मोठा वाटा बोनस म्हणून शेतकऱ्यालाच द्यायचा. काही भाग चढउतार निधीत ठेवायचा, म्हणजे पडत्या वर्षात तो कामी येईल. किमतीतून ३ टक्के भांडवल निधीसाठी कापायचे. १ गाठ रुईला साधारण ५ क्विंटल कापूस लागतो. अशा लाखो गाठींचा धनी शेतकरीच असावा, व्यापारातला नफा त्याच्याच घरी जावा, हे स्वप्न होतं. जगात फार थोड्या ठिकाणी इतक्या मोठ्या प्रमाणावर असा प्रयत्न झाला असेल.

सुरुवातीला शेतकऱ्याला त्याची गोडीही लागली. बोनस हा शब्द वऱ्हाडात आणि नागपूरकडे घराघरांत गेला तो याच योजनेमुळे. पण पुढे जे बिघडलं त्यात संस्था का चालतात आणि का बसतात याचं सगळं शास्त्र उघडं पडलं आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

महाराष्ट्राबाहेर भाव वाढले की इथला कापूस रातोरात सीमा ओलांडून मध्य प्रदेशात, आंध्रात, गुजरातेत जायचा. बाहेर भाव पडले की उलटं व्हायचं. बाहेरचा कापूस महाराष्ट्रात येऊन हमीच्या किमतीवर केंद्रात पडायचा. म्हणजे चांगल्या वर्षी महासंघाकडे माल कमी आणि वाईट वर्षी माल उदंड. तेजीत कमवायचं आणि मंदीत भरून काढायचं, या हिशेबावर उभा असलेला चढउतार निधी अशाने साठणार कसा? शेतकऱ्याला यात दोष देता येत नाही. तो सभासद झाला होता तो कायद्याने, मनाने नव्हे. ज्या दारातून बाहेर जायला मनाई असते, त्या दाराला माणूस फट शोधतोच.

दुसरं बिघडलं ते प्रतीत. ज्याने स्वच्छ वेचणी केली, कवडी वेगळी काढली, दोन वेचे एकमेकांत मिसळू दिले नाहीत, त्याचा माल आणि सरसकट भरून आणलेला माल यांच्या दरात पुरेसं अंतर दिसलं नाही, की निगुतीने काम करणारा पुढच्या वर्षी निगुती सोडतो. त्याचं मन दुखावतं ते दोन पैसे कमी मिळाले म्हणून तितकं नाही. आपलं कष्टाचं वेगळेपण कोणी पाहिलंच नाही, हे त्याला लागतं. प्रत ठरवणाऱ्याला वर दाद मागता येते का, निकष फळ्यावर लिहिलेले आहेत का, मोजणी डोळ्यांसमोर होते का, यावर सगळा विश्वास उभा असतो.

आणि तिसरा चुकारा. सोसायटीच्या कर्जाची वसुली कापसाच्या पैशातूनच व्हायची. संस्थेच्या दृष्टीने ही सोय उत्तम होती. कर्ज सहकारातलं, माल सहकारात, वसुली सहकारात. पण दिवाळीच्या आसपास पहिला वेचा निघतो, तेव्हा घरात किराण्याची उधारी असते, वेचणाऱ्या बायांची मजुरी आठवड्याला द्यावी लागते, मुलीच्या लग्नाची बोलणी चाललेली असतात. अशा वेळी कापून-छाटून उरलेली रक्कम, तीही उशिराने, हातात आली तर? मग थकबाकीदार शेतकरी दुसऱ्याच्या नावावर कापूस घालायचा, नाहीतर गावातल्या व्यापाऱ्याला कमी भावात देऊन रोकडा घ्यायचा. हमीभावापेक्षा कमी भाव त्याला परवडायचा, कारण पैसे आज मिळायचे. तोटा वाढत गेला, सरकारच्या तिजोरीवर भार पडत गेला, आणि २००२ च्या सुमारास खासगी खरेदीला दार उघडून ही मक्तेदारी संपली. ३ टक्के कापून घेतलेल्या भांडवल निधीचं पुढे काय, हा प्रश्न कापूस उत्पादक त्यानंतरही विचारत राहिला.

इथे एक गोष्ट नवलाची वाटावी अशी आहे. हाच महाराष्ट्र साखरेत आणि दुधात सहकाराची शान म्हणून ओळखला गेला. लोणीचा प्रवरा कारखाना विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने १९५०-५१ मध्ये गाळपाला लागला. त्याच्या उभारणीत आणि पहिल्या अध्यक्षपदी असलेले अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ जन्माने नाशिकचे, पण लहानाचे मोठे झाले ते नागपुरात. मग ज्या मातीने गाडगीळ घडवले, त्या विदर्भात कापसाचा सहकार तसा का रुजला नाही? पश्चिम महाराष्ट्रातली माणसं अधिक शहाणी होती, हे उत्तर मला साफ नामंजूर आहे. बा. सी. बाविस्कर आणि डोनाल्ड अ‍ॅटवूड या अभ्यासकांनी सहकारावर वर्षानुवर्षं काम केलं, आणि त्यांच्या मांडणीतून एक सूत्र हाती लागतं: पीक कसं आहे, हे पाहा.

ऊस तोडला की दिवसभरात गाळायला हवा, नाहीतर त्यातली साखर उतरते. दूध तर काही तासांचंच सोबती. त्यामुळे उसाला कारखान्याची आणि कारखान्याला उसाची गरज एकाच वेळी, सारखीच. मोठ्या बागाइतदारालाही कारखाना पूर्ण चालवायला लहान शेतकऱ्याचा ऊस लागतोच, म्हणून लहानाचं मत तिथे वजन राखून असतं. कायद्यानेही १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात १४ दिवसांत पैसे देण्याचं बंधन घातलं आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज ठेवलं. गुजरातेत खेडा जिल्ह्याचा दूध संघ १४ डिसेंबर १९४६ रोजी नोंदला गेला. तिथे गावच्या संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध मोजलं जातं, फॅट सभासदासमोर तपासली जाते आणि पैसे लगेच हाती पडतात. एका वर्षात शेकडो वेळा संस्था आपला शब्द पाळते. विश्वास असा रोजच्या घोटाघोटाने साठतो.

कापसाचं तसं नाही. तो नासत नाही, कुठेही नेऊन विकता येतो, आणि सभासदाची संस्थेशी गाठ वर्षातून दोन-चार वेळाच पडते. त्यामुळे शब्द पाळण्याच्या संधीही तेवढ्याच, आणि त्यातली एक चुकली तर पुढची यायला वर्ष जातं. शिवाय कापूस थांबू शकतो, शेतकरी थांबू शकत नाही. घरात कापूस भरून ठेवायचा म्हणजे माणसांच्या खोल्या कापसाला द्यायच्या. छतापर्यंत गंज लागते, मुलं ओसरीवर निजतात, पुढे अंगाला खाज सुटते, ठिणगीची धास्ती रात्रंदिवस. माल सुकून वजन घटतं, रंग पिवळसर पडतो. भाव वाढेल या आशेवर मार्चपर्यंत घर असं अडकवून बसणं ज्याला परवडतं, त्याच्यात आणि नोव्हेंबरात विकावंच लागतं त्याच्यात जे अंतर आहे, ते मिटवणं हेच खरं तर सहकाराचं काम होतं. दुसऱ्या पिकांत ते थोडं झालंही आहे: सोयाबीन, तूर, हरभरा बाजार समितीच्या गोदामात तारण ठेवून कर्ज घेण्याची सोय राज्यात १९९० पासून आहे. मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने मिळते, आणि माल पडत्या भावात विकावा लागत नाही. ज्या बाजार समित्या हे मनापासून राबवतात, तिथे शेतकऱ्याच्या बोलण्यात संस्थेबद्दल आपलेपणा ऐकू येतो.

आता सोसायटीकडे. गावच्या विविध कार्यकारी सेवा सोसायटीचं कार्यालय बहुधा एका खोलीचं. भिंतीला कपाट, टेबलावर खतावण्या, आणि आठवड्याचे वार वाटून दोन-तीन गावं सांभाळणारा गटसचिव. पीककर्ज घेताना सातबारा आणि आठ-अ द्यायचा, कर्जाच्या रकमेतून भाग कापले जातात आणि माणूस सभासद होतो. भागाची किंमत कितीही वर्षं गेली तरी तेवढीच राहते. संस्था वाढली म्हणून भाग वाढत नाही, आणि बाजारात तो विकताही येत नाही. त्यामुळे जुन्या सभासदाला संस्थेच्या उद्याच्या भल्यात स्वतःचं काही दिसत नाही. त्याला दिसतं ते याच हंगामाचं कर्ज. सहकाराच्या घडणीतला हा दुबळा सांधा आहे, आणि त्याबद्दल आमसभेत कधी चर्चा होत नाही. आमसभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. गणपूर्ती झाली नाही तर अर्धा तास तहकूब करून तीच सभा तिथेच पुन्हा भरते, आणि मग गणपूर्ती लागत नाही. त्या अर्ध्या तासाकडे पाहिलं की संस्थेची प्रकृती कळते. २०१३ च्या दुरुस्तीने क्रियाशील सभासदासाठी पाच वर्षांतून किमान एका सभेला हजर राहण्याची अट घातली होती. पाच वर्षांतून एकदा! इतकी साधी अटही कायद्यात लिहावी लागली.

आणि सोसायटी कितीही चोख असली तरी ती जिच्या पैशावर चालते ती जिल्हा बँक डगमगली तर? वर्धा जिल्ह्याने हे भोगलं. ३१ मार्च २०१२ पर्यंत सगळ्या सहकारी बँकांनी परवाना मिळवावा असं ठरलं होतं. ज्यांना तो मिळवता आला नाही, अशा देशभरातल्या जिल्हा मध्यवर्ती बँका शेवटी २३ उरल्या. महाराष्ट्रातल्या ३: नागपूर, वर्धा, बुलडाणा. ठेवी घेण्यावर बंधन आलं, ठेवीदारांचे पैसे अडकले, आणि वर्षानुवर्षं वेळेवर फेड करणाऱ्या सभासदालाही खरिपाच्या तोंडावर राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात नव्याने ओळख सांगत उभं राहावं लागलं. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्राने या २३ बँकांच्या पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली. केंद्र, राज्य आणि नाबार्ड मिळून ती २,३७५ कोटींची होती. बँका वाचल्या. पण ज्या शेतकऱ्याने त्या दोन-तीन पेरण्या खासगी सावकाराच्या पैशावर काढल्या, त्याचं सोसायटीशी असलेलं नातं पुन्हा पहिल्यासारखं जुळायला पुनर्भांडवल पुरत नाही.

सावकाराकडे वळणं हे जुनंच दुखणं. गोरवाला समितीने १९५४ साली ग्रामीण पतपुरवठ्याचा अहवाल दिला, तेव्हा शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के निघाला. सावकारांचा सुमारे ७०. त्या आकड्यापासून आज गावोगाव सोसायटी असण्यापर्यंतचा प्रवास लहान नाही, आणि तो ज्यांनी केला त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. कर्जमाफीचा प्रश्नही इथेच येतो. २००८, २०१७ आणि २०१९ मध्ये माफ्या झाल्या, अडलेल्याला हात मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण नियमित फेडणारा सभासद मनात म्हणत राहिला, की मी फेडलं ही माझी चूक झाली का? २०१९ च्या योजनेत अशांसाठी ५० हजार रुपयांपर्यंतचं प्रोत्साहन ठेवलं गेलं, ते याच सलाची दखल घेऊन. दोन सभासदांमधला न्याय हाही समाधानाचा भाग आहे, आणि तो व्याजाच्या दराइतकाच मोठा आहे.

सभासद नाराज झाला तर काय करतो, याचा अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली सुंदर उलगडा केला. त्याच्यापुढे दोन वाटा असतात: सोडून जाणं किंवा तोंड उघडणं. कापूस उत्पादकाने बहुतेक वेळा पहिली वाट धरली, कारण दुसरी वाट फार लांब होती. रॉचडेलचे २८ जण एका खोलीत बसून भांडू शकत होते. राज्यभर पसरलेल्या महासंघात पुलगावच्या शेतकऱ्याचा आवाज मुंबईपर्यंत कधी पोचणार? आता शेतकरी उत्पादक कंपन्या निघाल्या आहेत, २००२ च्या कायदादुरुस्तीने त्यांना वाट मिळाली. सोसायट्यांच्या संगणकीकरणासाठी केंद्राने २०२२ मध्ये २,५१६ कोटींची योजना मंजूर केली, ६३ हजार संस्थांसाठी. खतावणीतली नोंद सभासदाला पाहता आली, तर हे पैसे सार्थकी लागतील. हमीभावाची खरेदी आज भारतीय कापूस महामंडळ करतं आणि पैसे थेट खात्यात जातात. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये जाहीर झाले. चुकाऱ्याचं दुखणं त्यामुळे बरंच हलकं झालं. राहिला काटा आणि राहिली प्रत.

आर्द्रता ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, त्यापुढे टक्क्यागणिक कपात, आणि १२ च्या वर गेली तर गाडी परत. ती परत फिरलेली गाडी मग वाढीव भाडं सोसून कमी भावात खासगी जिनिंगला जाते. नोव्हेंबरात पहाटे दव पडतं. सकाळी वेचलेला कापूस दुपारच्यापेक्षा ओला असतो, हे वेचणाऱ्या बाईला यंत्राशिवाय कळतं. पण किती ओला, ते मात्र केंद्रावर गेल्यावरच समजतं. हेच यंत्र सोसायटीच्या खोलीत, खतावण्यांच्या कपाटाशेजारी ठेवता येईल. सभासदाने पिशवीभर कापूस घेऊन यावं, गटसचिवाने त्याच्यासमोर खुपसावं. १३ आली, तर आज गाडी भरायची नाही. अंगणात ताडपत्री पसरायची, कापूस हाताने मोकळा करायचा, ऊन वर आलं की एकदा परतायचा, आणि चारच्या सुमाराला पुन्हा पिशवी घेऊन सोसायटीत जायचं.